खिडकीपलीकडून : मिरजेला जाताना परतीची गाडी आधी धरा

(रेल्वेच्या तिकीट खिडकीत ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक सीमाभागातल्या वाचकांच्या प्रवासाविषयीच्या प्रश्नांना इथं उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, मी बेळगावात वडगावला राहते. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, म्हणून महिन्यातून एकदा मिरजेला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला न्यावं लागतं. नंबर सकाळी साडेदहाचा असतो. अजून निदान चार इंजेक्शनं बाकी आहेत. पहिल्या खेपेला बुधवारी वंदे भारतनं गेलो. जाताना छान गेलो, पण येताना गाडी कुठली ते कळेना, म्हणून बसनं निघालो. कागवाडला बस बदलली, पुढं चिकोडीला परत बदलली, घरी पोचायला रात्रीचे पावणेदहा झाले. सासूबाईंच्या एका डोळ्याला पट्टी होती आणि दुसऱ्यानं त्यांना आधीच कमी दिसतं. दुसऱ्या खेपेला राणी चन्नम्मानं गेलो तर मिरजेत दुपार झाली, डॉक्टर उठून गेले होते, ते परत येईपर्यंत थांबावं लागलं. आता मिस्टर म्हणतात पॅसेंजरचं नाव काढू नका, गर्दीत आईला उभं राहावं लागेल. शेजारच्या वैनी म्हणतात सरळ गाडी भाड्यानं करा. दर महिन्याला तेवढे पैसे घालायची आमची ऐपत नाही. कोणती गाडी बरी?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय जायला कोणती गाडी बरी, पण तुमचे खरे हाल झाले ते येताना. म्हणून मी आधी तुमची परतीची गाडी शोधली आणि मग जायची. सकाळी जाऊन संध्याकाळी यायच्या प्रवासात हाच क्रम धरा. खिडकीत बसून मी रोज बघायचो. सकाळच्या गाडीची लोक अगदी खोदून खोदून चौकशी करतात, आणि येतानाचं विचारलं की म्हणतात, ‘ते बघू की तिकडं गेल्यावर.’ सकाळी माणूस ताजातवाना असतो, तासभर उशीर झाला तरी निभावतं. दिवसभर दवाखान्यात बसलेल्या, डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळचा एक तासही जड जातो.

आधी वंदे भारतचं सांगतो, कारण तिच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त पत्रं येतात. हुबळी-पुणे वंदे भारत १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. आठ डब्यांची गाडी, सगळी बसायची आसनं, जनरल डबा नाही. हुबळीहून पुण्याकडं ती बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी जाते. पुण्याहून हुबळीकडं गुरुवारी, शनिवारी आणि सोमवारी येते. म्हणजे ज्या दिवशी ती तुम्हाला मिरजेत सोडते, त्या दिवशी परत आणायला ती नसतेच. याचं कारण असं, की ती एकच गाडी दोन मार्गांवर फिरते. बुधवारी दुपारी पुण्याला पोचली की तीच गाडी पुढं कोल्हापूरला जाते. गुरुवारी सकाळी कोल्हापूरहून पुण्याला येते आणि तिथून मग आपल्याकडं निघते. तुम्ही त्या बुधवारी संध्याकाळी मिरज स्टेशनात असता तर वंदे भारत तुमच्यासमोर फलाटाला लागलेली दिसली असती, पण तिचं तोंड कोल्हापूरकडं असतं. हे चक्र ठाऊक नसल्यामुळं बेळगावची किती तरी माणसं मिरजेत आणि सांगलीत अडकतात. पत्रात तुम्ही वार लिहिला नसता तरी तो बुधवार, शुक्रवार किंवा रविवार असणार हे मी ओळखलं असतं.

राणी चन्नम्माचं नेमकं उलट आहे. रात्री बेंगळूरहून सुटून ती सकाळ वर आल्यावर बेळगावात येते, म्हणून साडेदहाच्या नंबराला तिचा उपयोग नाही. पण दुपारनंतर मिरजेहून बेळगावकडं यायला तिच्यासारखी सोय नाही. ती मिरज-सांगलीकडूनच सुटते, लांबून भरून येत नाही, त्यामुळं मिरजेत डबे मोकळे असतात. चढताना घाई होत नाही, म्हाताऱ्या माणसाला हात धरून सावकाश आत नेता येतं. गाडी कुठून सुटते हे बघायची सवय लावून घ्या. लांबून येणाऱ्या एक्सप्रेसचा जनरल डबा मिरजेत पोचेपर्यंत दारापर्यंत भरलेला असतो, मग ती गाडी कितीही वेगानं जात असली तरी तुमच्या कामाची नाही.

आता पॅसेंजर. तुमच्या मिस्टरांना सांगा, काकांनी या एका गाडीचा फेरविचार करायला सांगितलंय. बेळगाव ते मिरज रेल्वेनं १३८ किलोमीटर. या अंतरात पॅसेंजर आणि एक्सप्रेस यांच्यात फरक पडतो तो साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा. पूर्वी जास्त पडायचा, कारण लाईन एकेरी होती. समोरून गाडी येणार असली की पाच्छापूरला किंवा चिकोडी रोडला पॅसेंजर बाजूला काढून ठेवायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा तर इथं मीटर गेज, म्हणजे कमी रुंदीचे रूळ होते. मिरजेत तेव्हा तीन मापांचे रूळ एकत्र यायचे : पुण्या-कोल्हापूरकडं जाणारा ब्रॉड गेज, आपल्याकडं येणारा मीटर गेज आणि पंढरपूर-लातूरकडं जाणारी बार्शी लाईटची छोटी गाडी. बेळगावहून पुण्याला जाणाऱ्याला मिरजेत उतरून, वळकटी डोक्यावर घेऊन दुसऱ्या गाडीकडं धावावं लागायचं. पॅसेंजर म्हणजे अर्धा दिवस गेला, ही समजूत त्या दिवसांतली. नव्वदच्या दशकात ब्रॉड गेज झालं आणि अलीकडं दुहेरी लाईन आणि वीज आली. सकाळी बेळगावहून सुटून नंबराच्या आधी मिरजेत पोचवणारी पॅसेंजर आहे आणि संध्याकाळी मिरजेहून बेळगावला आणणारीही आहे. दोन्ही गाड्या जिथं तुम्ही चढता तिथूनच सुटतात. अर्धा तास आधी फलाटावर गेलात तर सासूबाईंना खिडकीची जागा मिळेल. मिस्टरांना वाटते ती गर्दी घटप्रभा, रायबागच्या पुढं होते, तोवर तुम्ही बसलेल्या असता.

माझी आई शेवटची तीन वर्षं याच गाडीनं मिरजेला यायची-जायची, तीही डोळ्यांसाठीच. तिला पुसट आकार दिसायचे, अक्षर दिसायचं नाही. स्टेशन कुठलं आलं हे ती मला कधी विचारायची नाही. घटप्रभेला करदंटवाल्याची हाक ऐकायची. कुडची सोडली की गाडी कृष्णेच्या पुलावर चढते आणि डब्याचा आवाज बदलतो, खालून घुमायला लागतो. तो आवाज आला की आई भाकरीच्या फडक्याला गाठ मारायची आणि पायात चपला घालून बसायची. पुढं उगार. साखर कारखाना चालू असला की उसाच्या मळीचा आंबूस-गोड वास खिडकीतून आत यायचा. मग शेडबाळ, विजयनगर आणि मिरज. ‘उगार गेलं बघ,’ म्हणायची, आणि मी घड्याळ बघायच्या आधी उठून दाराकडं सरकायची. वंदे भारतच्या काचा बंद असतात, तिच्यात ना वास येतो ना हाक. डोळसांना त्याचं काही वाटत नाही, पण ज्यांना दिसत नाही त्यांना आपण कुठं आहोत हे त्या वासावरून आणि हाकेवरूनच कळतं. आणखी एक सांगतो. बेळगाव स्टेशनात उद्घोषणा कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होते, मराठी ऐकू येते ती मिरजेत. सासूबाईंना दुसरी भाषा येत नसेल तर जाताना तुम्ही शेजारी राहा. फलाटावर त्यांना एकटं बसवून चहा आणायला जाऊ नका.

तिकिटाच्या बाबतीत लोक जिथं चुकतात तिथं मीही एकदा चुकलोय, म्हणून ते नीट सांगतो. पॅसेंजरचं तिकीट वेगळं आणि एक्सप्रेसचं वेगळं. पॅसेंजरचं भाडं एक्सप्रेसच्या साधारण निम्मं असतं. कोरोनानंतर बरेच दिवस पॅसेंजरलाही एक्सप्रेसचं भाडं लावलं होतं, कमीत कमी तिकीट ३० रुपयांचं. २०२४च्या फेब्रुवारीपासून ते परत १० रुपयांवर आलं. पण पॅसेंजरच्या तिकिटावर एक्सप्रेसमध्ये बसलात तर ते तिकीट चालत नाही.

या मार्गावरच्या एका लहान स्टेशनात मी होतो तेव्हाची गोष्ट. रायबागकडचे एक आजोबा आले, म्हणाले, ‘मिरजेचं द्या.’ पुढची गाडी पॅसेंजर होती, मी पॅसेंजरचं दिलं. कोणत्या गाडीनं जाणार, हे विचारलं नाही. त्या दिवशी पॅसेंजर रखडली आणि आधी एक्सप्रेस आली. आजोबा तिच्यात चढले. पुढं त्यांना फरकाचं भाडं आणि २५० रुपये दंड भरावा लागला. परत येताना ते माझ्या खिडकीशी आले. भांडले नाहीत, आवाजही चढवला नाही. धोतराच्या कनवटीतून पावती काढली, ती घामानं मऊ झाली होती, ती उलगडून माझ्यापुढं ठेवली आणि विचारलं, ‘साहेब, माझं काय चुकलं?’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी प्रत्येकाला आधी विचारायचो, कोणत्या गाडीनं जाणार? तुम्हाला कुणी विचारलं नाही तरी तुम्ही गाडीचं नाव सांगूनच तिकीट मागा. मोबाईलवरच्या ॲपवरून काढत असाल तर तिथंही गाडीचा प्रकार विचारतात : साधी, मेल-एक्सप्रेस की सुपरफास्ट. तिथं घाईत बोट लावू नका. गाडीचा नंबर १२, २० किंवा २२ नं सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट. जनरलला त्याचे १५ रुपये वर पडतात. गोवा एक्सप्रेस अशी सुपरफास्ट आहे, राणी चन्नम्मा नाही.

आणि हे जनरलचं तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवायचं नसतं. २०० किलोमीटरच्या आतलं तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतरची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतलं जे नंतर असेल तोवरच प्रवास सुरू करता येतो. सकाळी निघताना संध्याकाळचंही काढून ठेवते म्हणाल तर ते वाया जाईल.

तुम्हाला माझा सल्ला असा. जाताना सकाळची पॅसेंजर. येताना राणी चन्नम्माचं स्लीपरचं आरक्षण. जाताना सासूबाई ताज्या असतात, बसून जातील. येताना त्यांना टेकायला, पाय वर घ्यायला जागा हवी. स्लीपरला एक गोष्ट ध्यानात घ्या : अंतर १३८ असलं तरी भाडं कमीत कमी २०० किलोमीटरचं घेतात. थ्री टायर एसीला तर ३०० किलोमीटरचं, म्हणून एवढ्या प्रवासाला एसीच्या वाटेला जाऊ नका, निम्म्याहून जास्त पैसे न केलेल्या प्रवासाचे जातात. स्लीपरचे चार पैसे जास्त गेले तरी ते सार्थकी लागतील असं मला वाटतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुढच्या दोन इंजेक्शनांच्या तारखा डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या आणि दोन्ही खेपांची परतीची तिकिटं एकदमच काढून टाका. वय अचूक भरा. साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना खालचा बर्थ देण्याचा रेल्वेचा प्रयत्न असतो, पण एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त नावं घालू नका. दिवसा खालच्या बर्थवर इतरांनाही बसायचा हक्क असतो, मात्र पट्टी बघितल्यावर जागा न देणारा माणूस मी आपल्या या लाईनीवर बघितलेला नाही.

वेटिंगचं तिकीट निघालं तर त्यावर विसंबू नका. मोबाईलवरून काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागताना आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात, पण डब्यात बसता येत नाही. अशा वेळी घाबरून बसकडं पळायचं नाही. मिरजेत स्टेशनात थांबा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं या. इंजेक्शनाला उशीर झाला आणि चन्नम्मा चुकली तरीही हीच गाडी. पहिल्या खेपेला तुम्हाला कुणी हे सांगितलं असतं तर कागवाड-चिकोडीची यातायात वाचली असती, याचं मला फार वाईट वाटलं.

पैशाची थोडी सोय असेल आणि सासूबाईंना सकाळी बरं वाटत नसेल, तर जाताना वंदे भारत घ्यायला माझी ना नाही. नंबर बुधवारचा किंवा शुक्रवारचा मागून घ्या. तिकीट काढताना जेवण नको म्हणता येतं, तेवढे पैसे कमी होतात. सोडायला येणाऱ्यांना मात्र डब्यात चढू देऊ नका. ती थोडाच वेळ थांबते आणि दारं आपोआप बंद होतात. आईची पिशवी वर ठेवून देतो म्हणून चढलेला मुलगा थेट मिरजेला गेला, असं नको व्हायला.

वेळा मी इथं मुद्दामच छापत नाही. मासिक तुमच्या हातात पडेपर्यंत एखादी पंधरा मिनिटं पुढं-मागं झालेली असते. ज्या पॅसेंजरचा नंबर शून्यानं सुरू होतो ती विशेष गाडी म्हणून चालते आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून प्रत्येक खेपेच्या आदल्या संध्याकाळी १३९ ला फोन करून जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही गाड्यांची खात्री करून घ्या. आपली लाईन हुबळी विभागाची, मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, पण १३९ ला दोन्हीकडचं कळतं. मिरज हे मोठं जंक्शन आहे, फलाट बरेच आहेत. सासूबाईंना जिना चढवत नसेल तर उतरल्यावर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात व्हीलचेअर मागा. मागायला लाजू नका, ती त्यासाठीच ठेवलेली असते.

शेजारच्या वैनींच्या भाड्याच्या गाडीबद्दल एवढंच म्हणतो, की ज्या दिवशी डॉक्टर संध्याकाळपर्यंत थांबवून घेणार हे आधी माहीत असेल, त्या एका दिवसासाठी ती ठेवा. बसचं मात्र आपल्या सीमाभागात वेगळं आहे. कोल्हापूरला जायचं असतं तर मीच तुम्हाला बस सांगितली असती. संकेश्वर-निपाणीवरून हायवे सरळ आहे, आणि रेल्वे मिरजेला वळसा घालून जाते. मिरजेला मात्र थेट बस कमी आणि रस्ता चिकोडी-कागवाडवरून फिरून. त्यात भाषेवरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवरच थांबतात. २०२५च्या फेब्रुवारीत तसंच झालं. दवाखान्याला निघालेल्या माणसांचा त्यात काही दोष नसतो, पण उतरून चालावं लागतं त्यांनाच. त्या दिवसांतही बेळगाव-मिरज गाडी चालू होती. म्हणून दवाखान्याची वारी असली की मी रेल्वेच सांगतो.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळं सासूबाईंना पूर्ण तिकीट पडेल. इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो : कॅन्सर, मूत्रपिंडाचे विकार, हृदयाची शस्त्रक्रिया अशा ठराविक आजारांच्या रुग्णांची सवलत अजून चालू आहे, बऱ्याचदा सोबतच्या माणसालाही मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. मिरजेला जाणारी कितीतरी घरं ही सवलत न मागता वर्षानुवर्षं पूर्ण भाडं भरतात. दाखला मागा.

पुढच्या खेपेला कसं काय झालं ते कळवा, ताई.

प्रश्न : आम्ही खानापूरला राहतो. मुलगी बेळगावात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि मुलगा अकरावीला. दोघांना रोज ये-जा करायची आहे. रेल्वेचा पास काढू की बसचा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मुलाचा रेल्वे पास लगेच काढा, आणि तोही फुकट. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत रेल्वे दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. हे मी खिडकीत बसून पालकांना सांगायचो तेव्हा निम्म्यांचा विश्वास बसायचा नाही, परत विचारायचे, ‘खरंच काय हो?’ खरंच. कॉलेजातून ठरलेला फॉर्म भरून, शिक्का-सही घेऊन खिडकीत द्यायचा. कॉलेजातले कारकून कधीकधी म्हणतात की असा काही फॉर्म नसतो. तेव्हा स्टेशनातूनच नमुना मागून घ्या आणि प्राचार्यांपुढं ठेवा.

मुलीचाही तसाच पास काढा. तिला कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत, म्हणजे ११ जून २०२३ पासून, राज्यातल्या साध्या बसमध्ये तिकीट नाहीच. तिच्याकडं दोन्ही असू द्या. सकाळी वेळेवर पोचायला गाडी, आणि तास लवकर सुटले तर गाडीची वाट बघत स्टेशनात बसण्यापेक्षा खानापूरची बस. आईबापांना तेवढाच घोर कमी. बसमध्ये कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवावं लागतं, ते दप्तरात ठेवायला सांगा.

पासावर आरक्षित डब्यात बसता येत नाही आणि सुपरफास्टलाही तो तसाच चालत नाही, हे मुलाला बजावून सांगा. मित्रांच्या नादानं समोर आलेल्या गाडीत चढणं या वयात फार होतं. पासासोबतचं ओळखपत्र घरी राहिलं तर पास असून नसल्यासारखा. आणि देसूर-इदलहोंडच्या मधे दारात लोंबकळत जाणारी पोरं मी खूप बघितली आहेत. त्यांतल्या एकाच्या वडिलांना आम्हाला स्टेशनात बोलावून घ्यावं लागलं होतं. त्या दिवसाचं याहून जास्त मला लिहवत नाही. मुलाला आत बसायला सांगा.

प्रश्न : माझी हुबळीला सकाळी साडेनऊला परीक्षा आहे. टिळकवाडीहून निघायचं आहे. मामा म्हणतात वंदे भारतनं जा, वडील म्हणतात बसनं. तुम्ही काय म्हणता?
— एक विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आधी परीक्षेचा वार बघ. बेळगाव-बेंगळूर वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली, ती बुधवार सोडून रोज धावते. पहाटे बेळगावहून निघते, धारवाड-हुबळी करत पुढं जाते, आणि तीच गाडी त्याच रात्री परत बेळगावात येते. वर वडगावच्या ताईंना जे मिळालं नाही ते तुला मिळतं : जायला आणि यायला एकाच दिवशी एकच गाडी. परीक्षा बुधवारी नसेल तर मामांचं ऐक. टिळकवाडीहून पहाटे रिक्षा मिळायची नाही, म्हणून वडिलांना स्टेशनपर्यंत सोडायला उठव, म्हणजे त्यांचाही मान राहील. परतीचं तिकीट मात्र त्या गाडीचं काढू नकोस. परीक्षा दुपारीच सुटली तर रात्रीपर्यंत हुबळीत बसून काय करणार, बसनं लवकर घरी येशील.

बुधवार असेल तर वडिलांचं ऐक आणि सीबीटीवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, पहाटेची बस धर. धारवाड-हुबळीला इतर गाड्यांपेक्षा बस बरी, याचं कारण नकाशात आहे. रस्त्यानं हुबळी शंभर किलोमीटरच्या आत आहे. रेल्वे आधी दक्षिणेला खानापूर-लोंढ्याला उतरते, तिथून अळणावरवरून धारवाडला वळते, आणि हाच प्रवास १४० किलोमीटरच्या आसपास जातो. कित्तूरवरून धारवाडला जाणारी ७३ किलोमीटरची थेट लाईन मंजूर झालेली आहे. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना तिच्यासाठी झटले, २०२०च्या सप्टेंबरात ते गेले. ती लाईन झाली की लोंढ्याचा वळसा सुटेल आणि तुझ्या धाकट्या भावंडांना मी या प्रश्नाचं वेगळं उत्तर देईन. तोवर हॉल तिकीट आदल्या रात्रीच पिशवीत घाल आणि पाण्याची बाटली घरातूनच भरून ने.